एकाच वेतातली दोन पिल्ले एकदम घरी आणावीत का?

प्रश्न
शिक्षिका, राजेंद्रनगर, इंदूर

सर्वांना नमस्कार. आमच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर दिवाळीच्या सुमारास एक गावठी कुत्री व्याली. पाच पिल्लांपैकी आता दोनच उरली आहेत; एक गाडीखाली गेले, बाकीची थंडीने गेली की आजाराने, ते कळले नाही. उरलेल्या दोन्ही माद्या आहेत, एक तांबडी आणि एक काळी, आणि त्यांचे वय सात आठवड्यांच्या आसपास असावे. आई अजून येऊन-जाऊन असते, पण पिल्ले अंगाशी आली की गुरगुरून उठून जाते. रात्रीची थंडी वाढते आहे आणि समोरच्या रस्त्यावर वाहनांची सतत वर्दळ असते, त्यामुळे निर्णय फार लांबवता येणार नाही.

घरची परिस्थिती सविस्तर लिहिते, कारण सल्ला तिच्यावरच अवलंबून असेल. घर तळमजल्याचे आहे. पुढे फरशी घातलेले लहान अंगण आणि लोखंडी फाटक आहे. यजमान पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. ते सकाळी कंपनीच्या बसने जातात आणि दिवेलागणीनंतर परततात. मी शाळेत शिकवते आणि दुपारी तीनच्या सुमारास घरी येते. मुलगी सहावीत आहे, मुलगा दुसरीत. दिवसभर घरी सासूबाई असतात. त्यांना मुक्या जनावरांची मनापासून आवड आहे, परंतु गुडघ्यांच्या दुखण्यामुळे वाकणे आणि मागे धावणे त्यांना जमत नाही. घर शाकाहारी आहे. याआधी आमच्याकडे कुत्रे कधीच नव्हते.

कॉलनीतल्या बहुतेकांचे म्हणणे असे आहे, की न्यायच्याच तर दोघींना न्या. एक एकटी पडली तर रडून रडून आजारी पडेल, आणि दोघी असल्या तर आपापसांत खेळतील व तुमचे काम अर्धे होईल. मुलांनाही तेच हवे आहे, त्यांनी एकेक वाटूनही घेतली आहे. याउलट, कुत्र्यांना शिकवण्याचे काम करणाऱ्या एका गृहस्थांनी ठामपणे सांगितले, की एका वेतातली दोन पिल्ले एकदम कधीही नेऊ नयेत, कारण ती माणसांची होत नाहीत, एकमेकांचीच राहतात. हे कितपत खरे आहे? आणि खरे असेल, तर एकीला उचलून दुसरीला त्याच प्लॉटवर ठेवून येणे मला शक्य होईल असे वाटत नाही. ज्यांनी दोन पिल्ले एकत्र वाढवली आहेत त्यांनी, आणि कोणी पशुवैद्य हे वाचत असतील तर त्यांनीही, कृपया मोकळेपणाने लिहावे.


उत्तर
दांडिया बाजार, बडोदे

ताई, आमच्याकडे एकाच वेतातले दोन भाऊ लहानपणापासून आहेत, म्हणून अनुभव लिहितो.

पहिले वर्ष पाहणाऱ्याला अतिशय गोड वाटते. दोघे दिवसभर एकमेकांच्या मानेला लोंबकळत, एकाच पोत्यावर झोपत आणि घरच्यांना फारसा त्रासही देत नसत. परंतु त्याच काळात एक गोष्ट लक्षात येऊ लागली. एकाला हाक मारली की तो आधी भावाकडे पाहायचा. भाऊ उठला तर हा उठायचा, भाऊ बसून राहिला तर हाही बसून राहायचा. सहा महिन्यांचे होईपर्यंत दोघांपैकी कोणालाही स्वतःचे नाव नीट ठाऊक झाले नव्हते. पुढे एकाच्या पंजाला जखम झाल्याने त्याला दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा मागे राहिलेल्याने दाराची चौकट नखांनी इतकी ओरबाडली, की नखांतून रक्त आले. घरात तीन माणसे होती, आणि तिघांपैकी कोणीही त्याला शांत करू शकले नाही, कारण संकटात आधार म्हणून तो आमच्याकडे पाहतच नव्हता.

दोघे दीड-दोन वर्षांचे झाल्यावर भांडणे सुरू झाली. दाराची घंटा वाजली, दिवाणाखालच्या जागेत एकजण आधी जाऊन बसला, जेवणाचे ताट हातात दिसले, असे कोणतेही निमित्त पुरायचे. खच्चीकरण आधीच झालेले होते, तरीही. आता दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत दार लावून जेवू घालतो, फिरायला वेगवेगळ्या वेळी नेतो, आणि या शिस्तीत गेली काही वर्षे सुखाने चालले आहे. दोघेही आम्हाला प्रिय आहेत. तरी तुमच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे, की त्या गृहस्थांनी जे सांगितले ते आमच्या घरात तंतोतंत दिसले.


उत्तर
पशुवैद्य, अन्नपूर्णा मार्ग, इंदूर

नमस्कार ताई. मी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि गेली अनेक वर्षे इंदुरात लहान प्राण्यांचा दवाखाना चालवते. आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याला अनेक बाजू आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

बडोद्याच्या दादांनी जे वर्णन केले त्याला कुत्र्यांचे प्रशिक्षक ‘लिटरमेट सिंड्रोम’ म्हणतात. हे नाव प्रशिक्षकांनी रूढ केलेले आहे. पशुवैद्यकात या नावाचा मान्यताप्राप्त असा कोणताही आजार नाही, आणि एका वेतातल्या प्रत्येक जोडीत असे होतेच असेही नाही. होते ते का होते, हे समजून घेतले तर आपल्याला आपल्या घरापुरता निर्णय करता येईल. पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जगाशी ओळख करून घेत असते. अमेरिकेत बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी गेल्या शतकाच्या मध्यात केलेल्या प्रदीर्घ प्रयोगांतून हा काळ प्रथम नीट स्पष्ट झाला. या आठवड्यांत ज्यांच्याशी सहवास घडतो ते आपले, असे त्याच्या मनात पक्के होत जाते. दोन बहिणी चोवीस तास एकत्र असल्या, तर खेळ, ऊब, धीर आणि करमणूक या साऱ्या गरजा एकमेकींकडूनच भागतात, आणि माणसाकडे वळण्याचे कारण उरत नाही. त्यामुळे दोष दोन पिल्लांचा किंवा त्यांच्या रक्ताच्या नात्याचा नसतो. वेगवेगळ्या आयांची, पण एकाच वयाची दोन पिल्ले एकदम आणली आणि सतत एकत्र ठेवली, तरी हेच घडू शकते.

म्हणूनच दोघी असल्या की काम अर्धे होते, हा समज बरोबर नाही. काम दुपटीहून अधिक होते. दोन महिन्यांचे पिल्लू दोन-तीन तासांहून जास्त लघवी रोखू शकत नाही, आणि दोघींची वेळ एक असेलच असे नाही. एकीला अंगणात नेऊन आणेपर्यंत दुसरीने आत केलेले असते. सकाळी अंगणात पातळ शी दिसली तर ती कोणाची, हे कळत नाही, आणि पिल्लांच्या बाबतीत ते कळणे अत्यंत आवश्यक असते. प्रत्येकीचे जेवण वेगळ्या भांड्यात आणि डोळ्यांसमोर व्हावे लागते, नाहीतर एक दांडगी होत जाते आणि दुसरी रोडावते, आणि हे लक्षात यायला उशीर होतो. शिकवणे तर वेगळेच करावे लागते: एक बाहेर, एक आत, मग उलट. झोपण्याच्या जागा वेगळ्या, फिरणे वेगळे, आणि प्रत्येकीला रोज काही काळ दुसरीशिवाय माणसांत राहण्याची सवय. हे सारे किमान पहिले वर्षभर करणारी, अंगात ताकद असलेली दोन मोठी माणसे घरात असतील, तर दोन पिल्ले उत्तम वाढतात. मुलांनी एकेक वाटून घेतली आहे हे वाचून आनंद झाला, परंतु सहावीतली मुलगी मदत करू शकते, जबाबदारी तिच्यावर टाकता येत नाही. दुसरीतला मुलगा तर स्वतःच लहान आहे.

आपली दोन्ही पिल्ले माद्या आहेत, हेही विचारात घ्यावे. एका घरातल्या कुत्र्यांच्या भांडणांवर जे अभ्यास झाले आहेत त्यांत एकाच लिंगाच्या जोड्या अधिक दिसतात, आणि दोन माद्यांचे वैर विशेष चिवट असते. ते लहानपणी दिसत नाही. वयात आल्यावर, म्हणजे वर्ष ते तीन वर्षांच्या दरम्यान उफाळते. नसबंदी करावीच, कारण पहिला माज साधारण सहा ते बारा महिन्यांत येतो आणि गाभण राहिल्यास सुमारे 63 दिवसांत नवे वेत दारात असते. पण नसबंदीने दोन माद्यांचे भांडण मिटेल, असे गृहीत धरू नये.

आता आजारांविषयी. मोकळ्या प्लॉटवरून आलेल्या पिल्लांत सर्वांत मोठी भीती पार्वो या विषाणूजन्य आजाराची. लक्षणे दिसण्याआधी काही दिवस विषाणू अंगात असतो, आणि एकीला झाला की दुसरीला होण्याची शक्यता फार मोठी असते. रक्ताची हगवण आणि उलट्या सुरू झाल्यावर सलाइनवर ठेवावे लागते. दोघी एकदम आजारी पडल्या तर घरच्यांची आणि खर्चाची ओढाताण किती होते, ते दवाखान्यात आम्ही दर हिवाळ्यात पाहतो. हा विषाणू जमिनीत अनेक महिने टिकतो आणि नुसत्या फिनाइलने भरवशाने मरत नाही. फरशी आधी धुऊन घेऊन मग तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच या प्रमाणात पुसावी, आणि ब्लीचमध्ये दुसरे काहीही मिसळू नये. एकत्रित लशीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देतात आणि सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. जंतांचे औषध आत्ताच सुरू करावे. तोवर मुलांना पिल्लाचा दात किंवा नख लागले, तर पिल्लू केवढे लहान आहे याचा विचार न करता जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लहान पिल्लालाही रेबीज असू शकतो.

शाकाहारी घराची अडचण खरी आहे. दूध-पोळी किंवा वरण-भात यांवर वाढणाऱ्या पिल्लाला प्रथिने आणि कॅल्शियम अपुरे पडते, आणि पुढचे पाय वाकलेली अशी पिल्ले माझ्याकडे नेहमी येतात. घरात अंडे चालत नसेल तर पिल्लांसाठीचा तयार कोरडा आहार निदान वाढीच्या वर्षात द्यावा. त्यात बहुधा मांसजन्य घटक असतात, तेव्हा सासूबाईंशी आधीच बोलून घ्यावे. कॉलनीत कौतुकाने कोणी शेव टाकत असेल तर ते थांबवावे, विशेषतः लसणाची शेव. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात.

हे सर्व पाहता आपल्या घरासाठी माझा सल्ला स्पष्ट आहे: एक घ्यावी. दिवसाच्या मोठ्या भागात घरी एकट्या सासूबाई आहेत, त्यांना वाकता येत नाही, आणि हे आपले पहिलेच कुत्रे आहे. पुढे कधी दुसरे आणावेसे वाटले, तर पहिली दीड-दोन वर्षांची, शिकलेली आणि स्थिर झाल्यावर आणावे, आणि शक्यतो नर आणावा.


प्रतिसाद
शिक्षिका, राजेंद्रनगर, इंदूर

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांनी लिहिलेले मी सासूबाईंना वाचून दाखवले. आहाराबद्दल त्यांची हरकत नाही. भांडी वेगळी असावीत एवढेच त्या म्हणाल्या. परंतु दुसरीचे काय, या प्रश्नाशी मी येऊन थांबते. एक निवडताना दुसरीचा जीव आपण धोक्यात टाकतो आहोत, हे मनातून जात नाही. काळी थोडी बुजरी आहे आणि सतत तांबडीच्या मागे असते. तिला एकटीला आणले तर ती खचून जाईल का, आणि तांबडीला आणले तर काळी मागे कशी राहील?


उत्तर
लश्कर, ग्वाल्हेर

ताई, डॉक्टरांच्या सल्ल्याशी मी सहमत आहे. तरीही दोन पिल्ले एकत्र वाढवून सारे सुरळीत झाले असे एक घर मला माहीत आहे, कारण ते माझेच आहे. त्यासाठी काय करावे लागले ते लिहिते. आपल्याला तुलना करता येईल.

आमच्याकडे एका वेतातले नर आणि मादी असे दोघे आले. घरात आम्ही दोघी जावा दिवसभर घरी असतो आणि दोन दीर तरुण आहेत. पहिल्याच दिवशी ठरले, की नर धाकट्या जावेचा आणि मादी माझी. ती वरच्या मजल्यावर झोपे, हा खालच्या. सकाळी मी तिला घेऊन बाहेर पडले की तो घरात, आणि मी परतल्यावर तो बाहेर. एकत्र खेळण्याची वेळ संध्याकाळी ठेवली होती आणि तीही आमच्यासमोर. सुरुवातीचे काही दिवस रात्री दोन्ही मजल्यांवरून रडणे ऐकू येई, आणि सासऱ्यांनी अनेकदा म्हटले की टाका ना त्यांना एकत्र. आम्ही टाकले नाही. पिल्लाजवळ माणूस झोपे, त्यामुळे रडणे आठवडाभरात थांबले. मादीचा पहिला माज येण्याआधी दोघांचीही शस्त्रक्रिया करून घेतली, कारण कुत्र्यांमध्ये भावा-बहिणीचा संकोच नसतो.

आज दोघेही हाकेला येतात, एकमेकांशिवाय राहू शकतात आणि भांडत नाहीत. पण त्या वर्षात आम्ही दोघी एकत्र कोणत्याही लग्नाला गेलो नाही. घरात माणसे होती म्हणून हे साधले.

काळीविषयी आपण लिहिले आहे, त्यावर एक निरीक्षण सांगते. आमची मादी अशीच बुजरी होती; भाऊ पुढे झाला की त्याच्या मागून डोके काढून पाहायची. वेगळी फिरू लागल्यावर ती स्वतः पुढे होऊन माणसांचा हात हुंगायला शिकली. बुजऱ्या पिल्लाला धीट भावंडाची सोबत आधार देते असे आपल्याला वाटते, परंतु पुष्कळदा त्या आडोशामुळेच त्याचे बुजरेपण टिकून राहते.


उत्तर
निवृत्त बँक कर्मचारी, टिळकनगर, इंदूर

दुसरीचा प्रश्न आपण टाळला नाहीत, याबद्दल आपले कौतुक वाटते. त्या काळजीला आधारही आहे. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोकाट कुत्र्यांच्या 95 वेतांतील 364 पिल्लांचा मागोवा घेतला होता. त्यांतील सुमारे 19 टक्केच पिल्ले प्रजननाच्या वयापर्यंत जगली, आणि निम्म्याहून अधिक मृत्यूंना माणूस कारणीभूत होता. आपल्या प्लॉटवरच्या पाचांपैकी तीन गेली, त्यात नवल काही नाही. तेव्हा दुसरीला तिथे ठेवू नये, हे आपले मन बरोबर सांगते आहे. पण तिला वाचवण्याचा मार्ग आपल्याच घरातून गेला पाहिजे असे नाही.

मी गेली कित्येक वर्षे कॉलनीतल्या पिल्लांना घरे पाहून देत आलो आहे. अनोळखी माणसाला पिल्लू देण्यापेक्षा आधी आप्तांत पाहावे. ज्या घरात दिवसा कोणी चालते-फिरते माणूस असते, जिथे घरातल्या सर्वांची संमती असते, ते घर पक्के समजावे. केवळ मुलांच्या हट्टासाठी मागणाऱ्यांना मी पिल्लू देत नाही. परीक्षा जवळ आल्या की ते परत येते. मादी आहे म्हणून लोक नाही म्हणतात, तेव्हा नसबंदीचा खर्च आपण उचलू असे सांगून पाहावे, पुष्कळ घरे तयार होतात. भाड्याच्या किंवा फ्लॅटच्या घरात देत असाल तर त्यांना हेही सांगावे, की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला सरसकट कुत्रे पाळण्याची बंदी घालता येत नाही. पुढच्या कुरबुरी त्यामुळे टळतात.

आईलाही विसरू नये. तिचे दूध आटले की तिची नसबंदी करून घ्या. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे शस्त्रक्रिया आणि रेबीजची लस झाल्यावर तिला तिच्या मूळ जागीच परत सोडले जाते. नाहीतर पुढच्या दिवाळीला त्याच प्लॉटवर पुन्हा पाच पिल्ले असतील, आणि तेव्हा आपल्या घरात जागा नसेल.


प्रतिसाद
शिक्षिका, राजेंद्रनगर, इंदूर

काकांच्या सूचनेनंतर मी आप्तांत विचारले. माझ्या नणंदबाई सुदामानगरला राहतात. त्यांचे यजमान गेल्या वर्षी निवृत्त झाले आहेत, रोज पहाटे फिरायला जातात आणि त्यांच्याकडे पूर्वी कुत्रा होता. दोघे काल येऊन पिल्ले पाहून गेले आणि तांबडीला न्यायला तयार आहेत. ग्वाल्हेरच्या ताईंचे वाचून काळीविषयीची माझी भीतीही बरीच कमी झाली, म्हणून ती आमच्याकडे राहील. मुलांना समजावून सांगितले. मुलगा रडला, पण तांबडी आत्याकडेच जाणार म्हटल्यावर मानला.

आता डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दोघींना लगेच वेगळे करावे, की काही दिवस आमच्या अंगणात एकत्र ठेवावे? वेगळ्या झाल्यावर त्यांची भेट घडवावी का? आणि मुलगी विचारते आहे, की मोठेपणी त्या एकमेकींना बहिणी म्हणून ओळखतील का?


उत्तर
पशुवैद्य, अन्नपूर्णा मार्ग, इंदूर

ताई, हा फार चांगला निर्णय झाला.

आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत दोघींना एकत्रच ठेवावे. या वयात पिल्ले एकमेकांना चावत खेळतात. एकीने जोरात दात रोवले की दुसरी किंचाळून खेळ थांबवते, आणि दाताला किती जोर द्यायचा हे त्यातूनच त्यांना समजते. मुले असलेल्या घरात हे शिक्षण फार उपयोगी पडते. पिल्ले विकणाऱ्यांवरही आपल्याकडे 2017 च्या नियमांनी आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू न विकण्याचे बंधन घातलेले आहे. त्यांना अंगणाच्या आतल्या कोपऱ्यात, वाऱ्याच्या आड, खोक्यात गोणपाट आणि जुनी रजई घालून ठेवा. जेवण मात्र आजपासूनच वेगळ्या भांड्यांत द्या, आणि दिवसातून काही वेळा काळीला एकटीला उचलून सासूबाईंच्या मांडीवर द्या. त्यांना वाकावे लागणार नाही आणि तिला त्यांचा वास ओळखीचा होईल. दोघींना पहिली लस द्यायला एकत्रच आणा आणि त्यानंतर चार-पाच दिवस प्रकृती ठीक राहिली की तांबडीला पाठवा. पाठवताना आताच्या गोणपाटाचा एक तुकडा तिच्याबरोबर द्या आणि एक काळीच्या अंथरुणात राहू द्या.

भेट अवश्य घडवा, पण लशी पूर्ण झाल्यावर, आणि दोघींच्याही घराबाहेर एखाद्या मोकळ्या जागी. तोपर्यंत काळीला फाटकाबाहेर जमिनीवर सोडू नका, मात्र कडेवर घेऊन रोज बाहेर न्या. कचरागाडीचे गाणे, मंदिरातली घंटा, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत येणारे आजोबा, हे सारे तिने याच आठवड्यांत पाहिले-ऐकले पाहिजे. रंगपंचमीपर्यंत ती साडेचार महिन्यांची होईल. तोवर ढोल-ताशांचा आवाज आधी लांबून, मग थोडा जवळून ऐकवा, आणि त्या वेळी तिच्या आवडीचे काही खायला देत जा.

मुलीच्या प्रश्नाला उत्तर आहे. बेलफास्ट येथील पीटर हेपर यांनी 1994 मध्ये असे प्रयोग प्रसिद्ध केले होते. दोन वर्षे ताटातूट झालेल्या आया आणि त्यांची पिल्ले एकमेकांना वासावरून ओळखत होती. भावंडांचे मात्र तसे नव्हते; जी पिल्ले मधल्या काळात एखाद्या भावंडासोबत राहिली होती तीच इतर भावंडांचा वास ओळखत होती, एकटी वाढलेली ओळखत नव्हती. तेव्हा मुलीला सांगा, की अधूनमधून भेटत राहिल्या तर त्या एकमेकींना नक्की ओळखतील, मैत्रिणी म्हणून. आणि भेटीच्या वेळी खाऊ किंवा चेंडू मध्ये ठेवू नका. दोघी मोठ्या झाल्यावर हे विशेष पाळा.

लशीसाठी येताना दोघींना एकाच टोपलीत आणले तरी चालेल. सकाळी लवकर या, म्हणजे दवाखान्यात आजारी जनावरांची गर्दी होण्याआधी त्यांना परत नेता येईल. आणि दोघींची शी आदल्या दिवशी वेगवेगळी ओळखता आली, तर जंतांच्या तपासणीसाठी तिचे नमुने वेगळ्या डब्यांत, नाव लिहून आणा.